उन्हाआधीची कापणी

"कॅन्सर झालाय का तुला? नाय ना? मंग औषध कसलं लावत्येस?" भाताच्या पेंढ्या बांधायला बंध वळता वळता ठकूबाईनं सुनेला विचारलं.

जयवंता उंबऱ्याच्या आत सावलीत बसली होती. गाल, नाकाचा शेंडा, दोन्ही हात लालबुंद, वर खपल्या. ती जन्मापासून पांढरी. केस, भुवया, पापण्यासुद्धा. पोशीर गावच्या उन्हात तिनं उभा जन्म भात लावलं, कापलं. बाकीच्या बायका रापल्या, ही नुसती भाजत राहिली. मग कातडीवर खरखरीत चट्टे उठले ते जाईनात. नेरळच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण असंच सोडलं तर यातून होऊ शकतो. महिनाभर हे मलम लावा. तोंड सोलल्यासारखं होईल, घाबरून बंद करू नका. आणि ऊन टाळा."

ऊन टाळा म्हणे, आणि इकडं भात पिवळं होऊन उभं होतं.

"होऊ नये म्हणून लावत्ये, आय."

"म्हंजे झालंच नाय त्याचं औषध," ठकूबाई म्हणाली आणि बंध वळत राहिली.

दुपारी तिचा नवरा श्रीपत शेतावरून आला. माणसं मिळत नव्हती. जो तो नेरळला बिल्डिंगींच्या कामावर. त्यानं घटाघटा पाणी प्यायलं. "आभाळ भरून येतंय गं. आठ दिस मलम बंद ठेव. कापणी उरकली की लाव परत."

नवरा आडदांड असता तर ती भांडली असती. हा असा मऊ बोलला, म्हणून तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं विळा उचलला, पदर तोंडावर ओढला आणि भर उन्हात शेत गाठलं.

थोड्याच वेळात गालांवर निखारे ठेवल्यागत झालं. खपल्यांतून पाणी सुटलं. उजेडानं डोळे उघडेनात. चहा घेऊन आलेल्या शेजारच्या कमळ्याच्या बायकोनं कप लांबूनच बांधावर ठेवला. "लागतं का गं हे दुसऱ्याला?"

जयवंतानं चहाला हात लावला नाही. घरी येऊन ओला फडका तोंडावर धरून बसली.

"मी काय उन्हात जा म्हणलो का?" श्रीपत म्हणाला.

"घरात बस पन म्हणला नाय तुमी."

दुसऱ्या दिवशी नेरळला तिचं तोंड बघून डॉक्टरीणबाई रागावल्या. जयवंता ऐकून घेत होती, मग तिचाही बांध फुटला. "बाई, शेताला छप्पर नस्तं. घरचे म्हणतात हिला काय झालं नाय, शेजारचे म्हणतात हिचं लागंल. आनि तुमी म्हणता ऊन टाळा. मी जाऊ कुठं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "तुमच्या शेतावर ऊन येतं कधी?"

हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं.

उगवतीला डोंगर, त्यामुळं ऊन खाली उतरायला वेळ लागायचा. झुंजूमुंजू होताच ती पुऱ्या बाह्यांचं पोलकं घालून शेतात जाऊ लागली. श्रीपत जांभया देत, कुरकुरत मागून यायचा. ऊन बांधाला टेकलं की ती विळा ठेवून घरी निघायची, मग ओळ अर्धी राहिली तरी. खालचा तुकडा पावसात आडवा झालाच. त्याबद्दल ठकूबाईनं चार दिवस ऐकवलं. बाकी भात घरात आलं. मलम एक दिवस चुकलं नाही. तोंड एवढं झोंबायचं, की भाकरी चावताना डोळ्यांत पाणी यायचं.

मलम संपलं, खपल्या गळल्या, खाली गुलाबी कातडी आली. बाईंनी बोट फिरवून बघितलं. चट्टे गेले होते. "पण परत येऊ शकतात. दाखवत राहा," त्या म्हणाल्या.

घरी ठकूबाईनं सुनेचं तोंड उजेडाकडं वळवून निरखलं. "बघ. मी म्हणत नव्हते? तुला काय नव्हतंच. उगा महिना घालवलास."

जयवंतानं मलमाची रिकामी नळी कोनाड्यात ठेवली.

"चल आता, खळ्यावर वाळलेलं भात गोळा करू."

"ऊन माथेरानच्या डोंगराआड जाऊ दे, मंग येत्ये."

"अजून? बरी झालीस ना?"

"आता कायमचंच, आय," ती म्हणाली आणि भिंतीला पाठ टेकून सावलीत बसली.