चौथं नाव

आमच्या राइस मिलमध्ये तांदूळ निवडायचं मशीन येणार, हे हाताने तांदूळ निवडणाऱ्या आम्हा बाराही जणींना दिवाळीपासून ठाऊक होतं. पण घाबरलं कोणी नाही. आमची मुकादम तुलसा हिने शब्द दिला होता, "शेठ मले बोलला, कोणाले काढत नाही." तुलसा म्हणजे माझी वहिनी. नवऱ्याचं घर सोडून मी मुर्रीला भावाकडे आले, तेव्हा तिनेच मला या कामाला लावलं. त्या घरात मी ताठ मानेने जेवते ती या कामाच्या जिवावर.

मशीन आलं. कारभार शेठच्या मुलाकडे गेला. त्याने वहिनीला केबिनमध्ये बोलावलं. "दीदी, बारह में से चार रखनी हैं. नाम आप ही दो. सब आपकी सुनते हैं." लबाड मेला! काढायचं याने आणि शिव्या खायच्या हिने. "मंग मीच जातो," वहिनी म्हणाली. तर म्हणे, "जाओ. फिर बारह की बारह जाएंगी."

जेवणाच्या सुट्टीत तिने आम्हाला सगळं सांगितलं. "मी खोटी पडली. द्या मले शिव्या."

कोणी दिल्या नाहीत. ओमेश्वरी म्हणाली, "तू ठरवशील ते बरोबर." बाकीच्यांनी माना हलवल्या. भांडल्या असत्या तर वहिनीला मोकळं तरी वाटलं असतं. एवढा विश्वास टाकून या बायांनी तिला पार कोंडून घातलं. मी मात्र निवांत होते. माझ्याइतका झपाझप हात मिलमध्ये कोणाचाच चालत नाही.

संध्याकाळी काम सुटताना तिने नावं घेतली. ओमेश्वरी, रेणू, रीता. चौथं नाव घेताना ती अडखळली. मग म्हणाली, "रुचि."

रुचि! काल आलेली पोरगी, तिला अजून खडा दिसत नाही. आणि बाया काय म्हणत होत्या? "पाह्य वं, आपल्या नणंदेलेच काढलं. अशी मुकादम भेटत नाही." मी तोंड उघडलं असतं तर नात्याच्या जोरावर काम मागते असं झालं असतं.

फाटकाबाहेर स्कूटीपाशी वहिनीला गाठलं. "काऊन? माया हात कमी चालते का?"

"नाही."

"मी तुयी नणंद नसती तं?"

वहिनीने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तं पयलं नाव तुयंच असतं."

"म्हंजे तुयं नाव राहावं म्हून मायं काम गेलं."

"हो."

तिच्या थोबाडीत द्यावी असा संताप आला. पण घर एकच होतं. उद्यापासून तिथे मला तिच्याच हातचं वाढलेलं खायचं होतं.

तिने स्कूटी सुरू केली आणि थांबून राहिली. मी मागे बसले. पुढे रस्ता उखडलेला होता, तिथे मला तिचा खांदा धरावा लागला.