सरकारी वाचक

"हे वाक्य कुठे गेलं?" हेडक्लार्कनी साप्ताहिकाचा अंक टेबलावर आपटला. "मूळ लेखात आहे, तुमच्या भाषांतरात नाही. पोलिसांनी स्वतः भाषांतर करून वर पाठवलंय. साहेब विचारतायत, आपला माणूस झोपला होता का?"

"नजरचुकीनं राहिलं असेल."

"वीस वर्षांत नजर चुकली नाही, ती नेमकी या संपादकाच्याच लेखाला चुकते होय?" हेडक्लार्कनी आवाज खाली आणला. "हे बघा, या वेळी मी सांभाळून घेतलंय. पुढच्या खेपेला वाक्य गळालं, तर तुम्हीही गळाल. दोन मुली आहेत ना घरी?"

दुभाष्याने मान हलवली. हुद्द्याने तो भाषांतरकार होता. दोन भाषा येऊन एकीतही फारसं बोलत नाही, म्हणून कचेरीत सगळे त्याला दुभाषी म्हणत. प्रांतातली एकोणीस वर्तमानपत्रं वाचायची, सरकारबद्दल कुणी काय लिहिलंय ते साहेबांच्या भाषेत उतरवायचं आणि दर शनिवारी वर पाठवायचं, एवढंच त्याचं काम.

अठरा पत्रं तो चाळायचा. हे एक साप्ताहिक मात्र वाचायचा. चार पानांचं, शाई फुटलेलं, एका लहानशा गावातून येणारं. संपादक लिहायचे आणि त्यांची बहीण छपाईचे खिळे जुळवायची. तिसरं माणूस नव्हतं. एकदा 'बहिणीला ताप आल्याने अंकास उशीर झाला' अशी चौकट आली, तेव्हा पुढचा अंक येईपर्यंत दुभाष्याच्या जिवाला चैन नव्हतं. न पाहिलेल्या बाईच्या तापाची काळजी, तीही सरकारी वेळेत!

त्या वर्षी सरकारने प्रांताचे दोन भाग केले आणि संपादकांनी प्रांताचा इतिहास क्रमाने लिहायला घेतला. जुना राजा कसा कर्जात अडकवला, प्रांत कसा खालसा झाला, कौन्सिलात निम्मे लोक सरकारनेच कसे नेमले. हेडक्लार्कनी दम दिल्यावर तीन आठवड्यांनी शेवटचा लेख आला. त्याचा शेवट असा होता: 'पन्नास वर्षांपूर्वी हा प्रांत एका सहीने घेतला. परवा दुसऱ्या सहीने त्याचे दोन तुकडे केले. ज्या कागदावर आपली सहीच नाही, तो फाडायला आपल्याला कुणाची परवानगी हवी?'

दुभाष्याने ते वाक्य चारदा वाचलं. साहेबांच्या भाषेत 'फाडणे'साठी एक गुळमुळीत शब्द होता, 'रद्द करून मागणे' अशा अर्थाचा. तो त्याने लिहिला. मग खोडला आणि खरा शब्द लिहिला. नोकरीची भीती होतीच. पण इतकं नेटकं वाक्य आपल्या हातून बिघडावं, हेही सोसवेना. दोन्हींतलं नेमकं कशाने ते लिहून घेतलं, हे त्याला पुढेही कधी उमगलं नाही.

खटल्यात त्याचंच भाषांतर पुरावा म्हणून वाचलं गेलं. तीन वर्षं सक्तमजुरी, छापखाना जप्त. त्या शनिवारी टेबलावर अठराच पत्रं आली.

"काम हलकं झालं की तुमचं!" शेजारचा कारकून म्हणाला.

दुभाष्याने वरचं पत्र पुढ्यात ओढलं. संध्याकाळी डबा तसाच घरी गेला. बायकोने तो उघडून पाहिला आणि झाकून ठेवला.

तिसऱ्या वर्षी निवडणुका झाल्या. आपल्यातलेच काही जण अर्ध्यामुर्ध्या अधिकाराचे मंत्री झाले. तुटलेला प्रांत जोडणं त्यांच्या हातात नव्हतं, पण तुरुंगातले संपादक तेवढे त्यांनी मुदतीआधी सोडले. पुढच्या रविवारी दुभाषी कोट घालून त्यांच्या गावी निघाला.

"तिथं तुम्हाला ओळखतंय कोण?" बायकोने विचारलं.

"कुणीच नाही."

"मग जाऊन सांगणार काय?"

"मी कोण ते."

संपादकांचं बिऱ्हाड आता एका खोलीत होतं. बहीण लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. खिडकीत दोरीवर ओल्या शर्टांची रांग. खाटेवर बसलेल्या संपादकांनी पावलांच्या दिशेने तोंड वळवलं. तुरुंगात त्यांची नजर गेली होती. उजेड कळायचा, अक्षर लागत नव्हतं.

"कोण आहे?"

"मी भाषांतर खात्यातला. तुमचा शेवटचा लेख मीच उतरवला."

इस्त्री थांबली.

"फाडायला," संपादक सावकाश म्हणाले. "तो शब्द तुम्हीच शोधलात?"

"हो. आधी मवाळ घातला होता. मग खोडला."

"कोर्टात ऐकताना वाटलं, चला, एका माणसानं तरी आपल्याला नीट वाचलंय. मवाळ ठेवला असतात तर कदाचित सुटलो असतो. पण मग ते वाक्य माझं राहिलं नसतं."

"तुझं वाक्य राहिलं, दादा," बहीण म्हणाली. "डोळे गेले. माझा छापखाना गेला. आणि यांना पगार मिळाला."

"मिळाला," दुभाषी म्हणाला.

तो जायला वळला.

"अहो, थांबा," संपादक म्हणाले. "आजचा पेपर पडलाय तिथं. ही दिवसभर दमते, हिला काय सांगू? कौन्सिलात काय झालं तेवढं वाचता?"

बसायला काही नव्हतं. दुभाषी उंबऱ्यावर बसला. आयुष्यभर वर्तमानपत्रं वाचली, पण मोठ्याने आणि आपल्याच भाषेत कुणासाठी वाचलं नव्हतं. पहिल्या ओळीला आवाज चिरकला. त्याने घसा साफ करून पुन्हा सुरुवात केली.

"प्रांताच्या नव्या सीमेबद्दल सभासदांनी विचारलं असता, पत्रव्यवहार चालू आहे, असं मंत्र्यांनी सांगितलं."

"म्हणजे अजून आपल्याला कुणी विचारलेलं नाही," संपादक हसले. "हं, पुढे?"

पुढची अक्षरं बारीक होती. दुभाष्याने कागद डोळ्यांजवळ धरला, मग दूर धरला. बहिणीने इस्त्री बाजूला ठेवली, खिडकीपाशी गेली आणि त्याच्याकडे न बघता ओले शर्ट एकेक करून दोरीच्या टोकाला सरकवले. कागदावर ऊन आलं. तो वाचत राहिला.