तेवीस जास्तीची मुलं

केलीचा ईमेल लिहून तयार होता. तो पाठवला की गांबियातल्या एब्रिमाची नोकरी जाणार होती.

"पप्पा, हा माणूस खोटी मुलं लिहितो," ती म्हणाली. त्या दिवशी ती ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या घरूनच काम करत होती. तिच्या युनिव्हर्सिटीचा प्रयोग असा: एका गावात लहान मुलांना रोज शेंगदाण्याची पेज द्यायची, शेजारच्या गावात नुसती वजनं करायची, वर्षाअखेर तुलना. दोन्हीकडच्या नोंदी एब्रिमाच करायचा. पेजेच्या गावातली एकसष्ट मुलं या महिन्यात चौऱ्याऐंशी झाली होती.

"तेवीस बाळं एकदम जन्मली?"

"दोन-तीन वर्षांची आहेत रे. म्हणून तर डाउट."

मी बत्तीस वर्षं वसईजवळच्या पाड्यावर शिकवलं. शाळेत खिचडी सुरू झाली, त्या आठवड्यात माझाही पट असाच फुगला होता. तपासायला आलेल्या साहेबांना मी चोर वाटलो होतो.

"दुसऱ्या गावात गैरहजर किती?"

"एकवीस. पण नावं वेगळी आहेत, चेक केलंय मी."

"नावं सोड. वय आणि वजन वाच."

ती वाचत गेली, मी गैरहजरांच्या यादीवर बोट फिरवत गेलो. मुलगी, अडीच वर्षं, नऊ किलो आठशे. इकडे दहा किलो. अशा एकवीस जोड्या लागल्या.

"पेजेसाठी आयांनी मावशीकडे धाडलीत," मी म्हणालो. "मावशीच्या घरचं नाव लावून."

"मग यानं सांगितलं का नाही? तुला सगळे साधेच दिसतात."

"मुळीच नाही. उरलेली दोन कुठली, तेही विचार."

केलीने एब्रिमाला दोन्ही प्रश्न पाठवले. तिकडे नुकतं उजाडलं होतं. पहिलं उत्तर लगेच आलं: 'तुमच्या फॉर्मवर प्रश्न आहे, मूल काल रात्री कुठल्या घरात झोपलं? मी तेच लिहिलं.'

फॉर्म केलीनेच बनवला होता.

दुसऱ्या उत्तराला अर्धा तास लागला: 'त्या दोघी माझ्या बहिणीच्या. तिसऱ्या गावातून आल्यात. वजनं खरी आहेत.'

"बघ," केली म्हणाली.

"बघितलं."

तिने ईमेल पुन्हा लिहिला. फॉर्म चुकला, माझ्याकडून; तुलना बिघडली. बहिणीच्या मुलींची ओळही घातली. एब्रिमाला काढा, हे वाक्य तेवढं खोडलं आणि ईमेल पाठवला.

मग माझ्याकडे वळली. "पप्पा, तुझ्या पटावरची जास्तीची मुलं सगळी मावशीकडचीच होती?"

"तीन सोडून," मी म्हणालो.