चाळीस मैलांची थरथर

मित्रांनो, मी एक जुनी काळी मोटार आहे. अमरावतीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी आहे. माझी गोष्ट तुम्हाला ऐकावीशी वाटेल का, याची मला खात्री नाही. पण एक थरथर अजून माझ्या अंगात राहून गेली आहे. ती सांगितल्याशिवाय मला स्वस्थ उभं राहवत नाही.

पंजाबराव वकिलांनी मला नवीकोरी घरी आणली, तेव्हा त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंनी माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सारी आळी मला पाहायला लोटली. मला चालवायला देवमन होता. तो गिअर इतक्या हलक्या हातानं बदली, की मलाच पत्ता लागत नसे. पूर्वी तो कधीमधी दारू पीत असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दारू कायमची सोडली. पण ते फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

पुढं काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात मला कुरूमजवळच्या वकिलांच्या शेतावर ठेवण्यात आलं. तिथं गोठ्यात बैलगाडीशेजारी माझी जागा होती. म्हातारे गाडीवान नत्थुजी आमच्या दोघींची सारखीच काळजी घेत. ऊन इतकं होतं, की माझा पत्रा तव्यासारखा तापे.

महिन्यानं मी परत आले आणि अकोल्याच्या रस्त्याला लागले. बडनेऱ्यापर्यंत सारं ठीक होतं. मग रस्ता मोकळा झाला, वेगाचा काटा चाळीस मैलांवर गेला आणि माझं स्टेअरिंग थरथरू लागलं. काटा तिसावर आला की थरथर थांबे, चाळिसावर गेला की पुन्हा सुरू होई. मला काहीच कळेना. मी म्हातारी झाले का? माझ्यातलं काय निखळलं? दर फेरीला बडनेरा मागं पडलं, की मला धडकी भरे.

मिस्त्रीनं हवा भरली, नट आवळले, स्टेअरिंगचे सांधे तपासले. त्याला दोष सापडला नाही. मग संशय घ्यायला उरले ते देवमनचे हात.

एका सकाळी निघण्यापूर्वी वकीलसाहेब त्याला हलक्या आवाजात म्हणाले, "देवमन, पुन्हा घेऊन राहिला का?"

देवमनचा चेहरा पडला. "दीक्षा घेतली तवापासून थेंब नाही शिवलो, साहेब."

"मंग हात काहून कापतात तुझे? अकोल्याले पोचलो की किल्ली दे."

दुर्गाबाई माहेरी अकोल्याला निघाल्या होत्या. त्या शेतकऱ्याच्या घरच्या होत्या. पिशवी मांडीवर घेत त्या म्हणाल्या, "अवो, आमच्याकडं गाडी वाकडी चालली तं कोणी गाडीवानाले नाही धरत. आधी बैलांची बाजू बदलून पायतात. फुडची चाकं मांगं लावा, मांगची फुडं. मंग पाहू कोण कापते तं."

वकील हसले. म्हणाले, मोटारीला काय शिंगं आहेत? पण बाई खाली उतरून उभ्याच राहिल्या. शेवटी देवमननं जॅक काढला आणि चाकं बदलली. घाम त्याच्या कपाळावरून गळत होता.

बडनेरा गेलं. तीस. पस्तीस. मी श्वास रोखला होता, म्हणजे मोटारीला जेवढा रोखता येतो तेवढा. काटा चाळिसावर टेकला. स्टेअरिंग देवळातल्या नंदीसारखं निश्चल राहिलं. आणि मागची गादी थरथरू लागली. वकीलसाहेबांचे गुडघे हलले, चष्मा नाकावर उतरला. दुर्गाबाईंच्या पिशवीतली पितळी डबी खुळखुळली.

मग देवमन समोर पाहतच म्हणाला, "साहेब, माहे हात इथंच हायेत."

एका लिंबाखाली मी थांबले. देवमननं मागची दोन्ही चाकं उतरवली. एका चाकाच्या आतल्या खोबणीत, एकाच बाजूला, काळी माती थापलेली होती. ती दगडासारखी वाळली होती आणि तिच्यावर चार बोटं उमटलेली होती. उन्हानं बैलगाडीचं लाकडी चाक सुकू नये, त्यावरची लोखंडी धाव सैल पडू नये, म्हणून नत्थुजी त्याला ओल्या मातीचा लेप देत. तोच लेप त्यांनी मलाही दिला होता. बाकीच्या चाकांवरचा झडून गेला, हा राहिला. तेव्हा मला किती गार वाटलं होतं!

वकीलसाहेब नत्थुजींवर संतापले, तेव्हा देवमननंच त्यांना अडवलं. "त्यायनं मायेनं लावली, साहेब. बोलू नका त्यायले."

अकोल्यात त्यानं ठरल्याप्रमाणे किल्ली पुढं केली. वकीलसाहेबांनी देवमनची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली, किल्लीसकट. त्यांची मान मात्र खालीच होती.

पुढं मी पुष्कळ वर्षं धावले. आता देवमन नाही आणि मला रस्ताही नाही. मित्रांनो, काही थरथरलं तर आधी चाक उलटून पाहा. माणसाच्या हातांचा संशय शेवटी घ्या. आणि कधी या शेडमध्ये आलात, तर माझ्या स्टेअरिंगवर दोन गुळगुळीत जागा दिसतील. त्या देवमनच्या हातांच्या आहेत. तेवढी त्यांवरची धूळ पुसा.