लेकीच्या वाटणीचा पेपर

वस्तीच्या ग्रुपवर लेकीचा भारी राग. दिवसभर नुसती कुरकुर: नळाला पाणी कमी आलं, अमक्याची गाडी तमक्याच्या दारात. बातम्या कसल्या, रिकामटेकड्यांचा अड्डा नुसता, असं ती उघड म्हणायची. पण त्या सकाळी ती औषधं आणायला गेली, तेवढ्यात वडील घरातून निघून गेले. मग त्याच ग्रुपवर त्यांचा फोटो टाकून तिने हात जोडले.

वडिलांनी चाळीस वर्षं घरोघरी पेपर टाकले होते. आता त्यांना स्वतःचं घर सापडत नव्हतं. कालपासून तर ते तिलाही 'बाई' म्हणत होते.

फोटो शेकडो जणांनी पाहिला. काळजीचे निरोप ढीगभर आले, कामाचा एकही नाही. वणवण करून दुपारपर्यंत तिच्या पायांचे तुकडे पडले.

तेवढ्यात वाचनालयाच्या बाईंची तक्रार आली. कुणी आजोबांनी आजचे सगळे पेपर घड्या घालून ठेवलेत, कुणाला हात लावू देत नाहीत, म्हणतात पोचवायचेत. सोबतच्या फोटोत माणूस नव्हताच, टेबलावर पेपरांची रास होती. तीन घड्या आणि टोक आत खोचलेलं, दुसऱ्या मजल्यावर फेकला तरी उलगडू नये असं. ती घडी वस्तीत एकच माणूस घालायचा. कुणाची कुरकुर तिला जन्मात इतकी गोड लागली नव्हती.

ती धावतच पोचली. वडील टेबलाशी बसले होते. बाई ओशाळल्या, ग्रुपवर त्या फक्त तक्रार करायला येत, सकाळचा फोटो त्यांनी पाहिलाच नव्हता.

"तुम्ही तक्रार केलीत म्हणून सापडले हो," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

वडिलांच्या काखेत एक पेपर होता. तिने हात पुढे केला, तसा त्यांनी तो घट्ट धरला.

"बाई, हा नाही मिळायचा. हा माझ्या लेकीचा."

लहानपणी ती पायरीवर वाट बघत बसायची आणि शेवटचा पेपर तिच्यासाठी घरी यायचा. वाचनालयाच्या बाई हळूच म्हणाल्या, राहू दे, न्या तो.

"चला, तिला देऊन येऊ," लेक म्हणाली. ते लगेच उठले.

घराशी येताच ती पुढे झाली आणि पायरीवर जाऊन बसली. वडील थबकले, तिच्याकडे बघत राहिले, मग काखेतला पेपर त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला.

"आज जरा उशीर झाला गं, पोरी."