चादरीखालची उशी

रंगाऱ्याच्या घोट्याला शिडीचा पत्रा लागला, तेव्हा त्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रंगकाम करणाऱ्याच्या अंगावर असे ओरखडे कायमचेच, त्यांचं कौतुक कुठं करत बसायचं? मग ताप चढला, पाय दुखू लागला, आणि दुखणं तरी कसलं, चांगला धट्टाकट्टा गडी तोंडात टॉवेल कोंबून रडायला लागला. बघावं तर पायावर नुसती लाली. एवढ्याशा लालीला एवढं कसं दुखेल, असं बायकोला वाटलं, आणि त्या वाटण्यात एक सकाळ गेली.

हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंना नेमकं तेच खटकलं. दिसतं त्याच्या मानानं दुखतं फार, म्हणजे बिघाड कातडीच्या खाली आहे, असं त्या म्हणाल्या. लालीच्या कडेनं त्यांनी पेनानं रेघ मारली. त्या दुसरा पेशंट बघून येईपर्यंत लाली रेघ ओलांडून गेली होती आणि मधोमध जांभळे फोड उठले होते. जंतू आतल्या आत मांस सडवत वर चढत होते. पहिल्या ऑपरेशनात सडलेलं होतं तेवढं कापून काढलं, तरी ते थांबेना. रक्तदाब कोसळला, शुद्ध हरपत चालली. घशात नळी घालून त्याला आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवलं, आणि सर्जनबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मांडीतून पाय काढावा लागेल, आणि आत्ताच. वाचतीलच असं मी सांगत नाही. पण थांबलात तर जातील."

रंगाऱ्याचा थोरला भाऊ, त्याला सगळे दादाच म्हणत, कागदाला हात लावेना. "शिडीवर पोट असलेल्या माणसाचा पाय काढायचा? दुसऱ्या डॉक्टरला विचारू. उद्यापर्यंत बघू." दादा वाईट नव्हता हो. धाकट्याच्या हातात पहिला ब्रश त्यानंच दिला होता. पण तो घाबरला होता, आणि घाबरला की त्याचा आवाज चढायचा. बायकोनं त्याच्या हातातून कागद घेतला आणि सही केली.

"कर," दादा म्हणाला, "पण तो उठला की जाब तू द्यायचास. मी त्यात नाही. तो तुला माफ करणार नाही, सांगून ठेवतो."

तो उठला. नळी निघाली. घसा बसलेला, मान उचलायची ताकद नाही, औषधांची गुंगी. दादानं फर्मान काढलं की पायाबद्दल कुणी ब्र काढायचा नाही, धक्क्यानं काही झालं तर काय करणार? आणि चादरीखाली, पायाच्या जागी, स्वतःच्या हातानं एक उशी लांबट करून ठेवली. ड्रेसिंगला त्याला भूल देऊनच नेत, म्हणून हे नाटक खपून गेलं. बायको गप्प बसली. जाब द्यायची वेळ लांबत होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं.

मग एका दुपारी तो म्हणाला, "डाव्या पायाचा अंगठा खाजतोय गं. जरा खाजव ना."

तिनं उशी खाजवली.

"अजून खाली. हं, तिथंच." त्यानं डोळे मिटले. "बरं वाटलं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर जाऊन ती भिंतीला टेकून रडली. मागोमाग सिस्टर आल्या. त्या म्हणाल्या, "पाय गेला तरी नसांना ते उमगत नाही. खाजतं, दुखतंसुद्धा. त्यात काही वेगळं नाही. पण गुंगी उतरली की हे पलंगावरून उतरायला जातील आणि जखमेवर पडतील. मग त्यांना फरशी सांगेल. त्यापेक्षा तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

"मी सांगते," ती म्हणाली.

स्टूल जवळ ओढून ती बसली. "अहो, ऐका. तो पाय नाहीये. मांडीतून काढलाय. काढला नसता तर तुम्ही गेला असता. सही मी केली. मला तुम्ही हवे होता."

छताकडे बघत त्यानं विचारलं, "मग मघाशी काय खाजवलंस?"

"उशी."

"काढ ती."

तिनं उशी काढली. चादर मांडीच्या पुढे सपाट पडली. त्यानं कशीबशी मान उचलली आणि बघितलं.

"शिडीवर कसा चढू मी?"

"मला ठाऊक नाही."

"मला विचारायचं होतंस."

"विचारायला तुम्ही होता कुठं?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तो चिडेल, अद्वातद्वा बोलेल, अशी तिनं मनाची तयारी केली होती. हे गप्प राहणं तिला सोसेना. त्याचे खांदे हलत होते. तिनं खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झिडकारला नाही, पण तिच्याकडे वळलाही नाही.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला दादा आला. "काय वस्ताद, कधी पळायला लागणार?" म्हणत दोन पावलं आत आला, आणि त्याची नजर चादरीवर गेली. मग बायकोवर.

"सांगितलंस ना शेवटी?" त्याचा आवाज चढला. "सही करताना ऐकलं नाहीस, आताही नाही. अरे, मी नको म्हणत होतो रे. थांबू म्हणत होतो. हिनंच परस्पर..."

"दादा." धाकट्याचा आवाज इतका घोगरा होता की दादाला वाकावं लागलं. "परस्पर नाही. मला विचारून सही केली तिनं. नळी घालायच्या आधी. पाय गेला तरी चालेल, मला घरी ने, असं मीच तिला म्हणालो होतो."

"मला बोलली नाही ती."

"तू ऐकून घेतलं असतंस?"

दादा स्टुलावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं. इतके दिवस मिरवलेला सगळा जोर गळून गेला होता.

बायको पलंगाच्या दांड्याला धरून उभी होती. नळी घालायच्या आधी तिच्याखेरीज त्याच्याजवळ कुणी नव्हतं. तेव्हा तो तिला आई म्हणून हाक मारत होता आणि पाणी मागत होता. दुसरा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. त्यानं अजूनही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.