तीन ते सव्वातीन

तीन वाजायला दोन मिनिटं उरली होती आणि तालिमपुसच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. नगरपालिकेच्या भिंतीवरच्या मोठ्या बोर्डवर तांबडा आकडा पेटला होता: २९४. समोरच्या साखर कारखान्याच्या धुराड्यातून काळी राख पडत होती. ती लोकांच्या डोक्यांवर पडत होती, हातातल्या पांढऱ्या रुमालांवर पडत होती, चर्चच्या पायऱ्यांवर पडत होती. ट्रकच्या टपावर चढलेला ब्रदर लूमिन गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता.

"हवेत विष किती?"

"दोनशे चौऱ्याण्णव!"

"हा आकडा कुणाचा?"

"सैतानाचा!"

"मग हाकला त्याला!"

चर्चच्या घंटेने तीनचे ठोके दिले. तीनच्या प्रार्थनेला अख्खा गाव रोजच थांबतो, दुकानात आणि बसमध्येसुद्धा. पण इथे हजारो रुमाल एकदम वर गेले आणि बोर्डवरचा आकडा घसरला. एकशे दहा. चाळीस. सात. शून्य.

मग जो कल्लोळ उठला, तो भक्तीचा कमी आणि मारामारीचा जास्त होता. लोकांनी खिशातले दम्याचे पंप काढले आणि पायऱ्यांवर आपटले. एका बाईने वाफेचं यंत्र डोक्यावर धरून आणलं होतं. ते तिने हातोड्याने चेचलं. चेचताना हसत होती आणि खोकतही होती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दुकानात पंप लपवले आहेत, असं कुणीतरी ओरडलं. पाच-सहा जणांनी त्याला गचांडी धरून बाहेर ओढलं आणि लाथांनी तुडवलं. त्याचा चष्मा फुटून काच भुवईत घुसली.

चौकाच्या कडेला सरकारी गाडीत बसलेली सेनाइदा माग्बानुआ हे बघत होती. वय चोपन्न, राग नाकाच्या शेंड्यावर. प्रादेशिक हवा कार्यालयात ती नियमपालन विभागाची प्रमुख होती. म्हणजे कुठल्या धुराड्याने मर्यादा ओलांडली, त्याला नोटीस कधी गेली आणि त्याने ती कुठल्या टोपलीत टाकली, याचा पिच्छा पुरवणं हे तिचं काम. आज तिच्या पिशवीत कारखान्याचा दोन नंबरचा बॉयलर बंद करण्याचा आदेश होता. आणि कारखान्याचं उत्तरही होतं, गावकऱ्यांच्या तीन हजार सह्यांचं: "प्रार्थनेने हवा शुद्ध होते, हे आपल्याच यंत्राने सिद्ध केले आहे. सबब बॉयलर बंद करण्याचे कारण उरत नाही."

लूमिनच्या या सभा सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांत गावात दोन म्हातारी माणसं गुदमरून गेली होती. दोघांचे पंप त्याच पायऱ्यांवर फुटले होते.

सेनाइदा स्वतः देव मानणारी होती. घंटा झाली तेव्हा सवयीने तिचेही ओठ हलले होते. पण आकडा शून्यावर आला आणि ओठ तिथेच थांबले. भर हंगामात, उसाच्या गावात हवा शून्य? शून्य तर समुद्राच्या मधोमधही येत नाही. आणि मग तिला आठवलं. ऑफिसातल्या तक्त्यात तालिमपुसच्या ओळीत रोज एक कोरी जागा असते. तीन ते सव्वातीन.

"मनोंग पोन्सिंग," ती शेजारच्या तंत्रज्ञाला म्हणाली; वडीलधाऱ्या माणसाला तिकडे मनोंग, म्हणजे दादा, म्हणतात. "यंत्राची तपासणी किती वाजता होते?"

पोन्सिंग साठीला आलेला, देवभोळा, कामाला चोख. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तीनला, मॅम. यंत्र रोज पंधरा मिनिटं गाळलेली हवा ओढतं. डब्यातली, एकदम स्वच्छ. तेव्हा शून्य दाखवलं म्हणजे यंत्र ठीक. मग पुन्हा बाहेरची हवा."

"ते मला शिकवू नका. तीनलाच का?"

"तीनला मी हात जोडून उभा असतो ना. म्हटलं, तेवढ्यात यंत्राचंही उरकेल. सहा वर्षं असंच चाललंय. ऑफिसात आपण ती पंधरा मिनिटं नोंदीतून काढतो, कुणाला काही दिसत नाही."

"मग बोर्डवर कसं दिसतं?"

"बोर्ड थेट यंत्राला जोडलाय. मेयरसाहेबांना उद्घाटनाची घाई होती." पोन्सिंगने बोर्डकडे बोट दाखवलं. "परवानगीच्या कागदावर तुमची सही आहे, मॅम."

सेनाइदा संतापली, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवरच होता.

तेवढ्यात ट्रकवर एका मुलीला चढवलं. सात वर्षांची निंगनिंग. ऊसतोड्या अर्नेलची एकुलती एक पोर. तिच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या.

"हिचा पंप कुठाय?" लूमिनने विचारलं.

"फोडला, ब्रदर!" अर्नेल म्हणाला.

"शाबास! आज फोडलास, उद्या तीनला ही पोरगी या चौकात धावेल! उद्या मी आकडा नाही, हिच्या छातीतला सैतान शून्य करतो!"

सेनाइदा दार उघडून धावली. "अरे, तिला दवाखान्यात न्या! आत्ता! तो आकडा आमच्या यंत्राची तपासणी आहे, चमत्कार नाही!"

"ही मनांग, ही ताई, कारखाना बंद करायला आलीय!" लूमिन वरून गरजला. "तुमच्या पोटावर पाय द्यायला! हिला देवाची हवा नको, कागदाची हवा हवी!"

पहिला दगड गाडीच्या काचेला लागला, दुसरा सेनाइदाच्या खांद्याला. पोन्सिंग तिच्या पुढे झाला आणि लोकांनी त्यालाच धरलं. बांबूने, चपलांनी, दगडांनी मारलं. त्याचे दोन दात पडले, एक बरगडी मोडली. सेनाइदा तरीही ट्रककडे घुसली. अर्नेलने ऊस तोडायचं पातं तिच्या गळ्यासमोर धरलं.

"पोरीला हात लावलात तर मान उडवीन, मॅम. माझ्या बायकोलाही डॉक्टरनेच मारलं होतं."

पोलीस ठाण्यावर प्रमुखाने हात वर केले. "माझ्याकडे नऊ शिपाई आहेत. आणि खरं सांगू? त्यातले चार रुमाल घेऊन तिथेच उभे असतात."

"उद्यापर्यंत पोरगी टिकेल का?" सेनाइदाने तोंडाला कापूस लावून बसलेल्या पोन्सिंगला विचारलं.

"आपण जाऊन सगळं सांगू या, मॅम."

"आज सांगितलं की. दात कुठे गेले तुमचे? आता सांगायचं नाही, दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं मागच्या जिन्याने नगरपालिकेच्या गच्चीवर, यंत्रापाशी चढली. पोन्सिंग प्रत्येक पायरीला कण्हत होता. खाली गर्दी कालच्या दुप्पट. निंगनिंग ट्रकवर चटईवर पडलेली, ओठ निळे. अर्नेल पातं घेऊन उशाशी बसलेला. बोर्डवर ३०१. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ट्रकच्या सावलीत ब्रदर लूमिन डुकराच्या मटणाची सळी दातांनी ओढत होता आणि आपल्या कर्णेवाल्याच्या आईचा उद्धार करत होता.

"दाबा, मनोंग." तीनची आपोआप होणारी तपासणी पोन्सिंगने आधीच बंद केली होती; आता त्याने हातानेच तपासणीचं बटण दाबलं.

आकडा कोसळला. शून्य.

आधी एका पोराला दिसलं, मग सगळ्यांना. "ब्रदर! आकडा!"

लूमिनच्या तोंडात घास तसाच राहिला. त्याने वर पाहिलं, घड्याळ पाहिलं. "हां... म्हणजे... मी मनातल्या मनात सुरुवात केली होती!"

"शिव्या देता देता?" कर्णेवाला म्हणाला. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं.

पोन्सिंगने बटण सोडलं आणि आकडा पुन्हा चढला. तीनला घंटा झाली. रुमाल वर गेले. लूमिन टपावर चढून किंचाळू लागला. बोर्डवर ३०६.

"रुमाल उंच धरा!" ३०९.

"अजून उंच! तुमच्यात कुणीतरी पापी आहे!" ३१२.

लोक आजूबाजूला पाहू लागले, पापी हुडकायला. एका म्हाताऱ्याला दोन थपडा बसल्यासुद्धा. तेव्हा गच्चीवरचा नगरपालिकेचा कर्णा खरखरला.

"त्याला मारू नका. पापी इथे वर आहे," सेनाइदा म्हणाली. "ब्रदर, शून्य कधी हवंय? तीन वाजून सात? बरं. मनोंग, दाबा."

शून्य.

"सोडा."

आकडा चढत चढत पुन्हा ३०८ वर गेला. चौकात आता फक्त खोकल्याचे आवाज होते.

"हा डबा बघा. यात गाळलेली हवा असते. यंत्र बरोबर आहे की नाही हे बघायला ते रोज हीच हवा हुंगतं, तीनला, कारण आमच्या माणसाने वेळ तीनची लावली होती. बोर्डवर ते दिसायला नको होतं. दिसलं, कारण जोडणीच्या कागदावर मी न तपासता सही केली. चूक माझी. तुमचा हा ब्रदर पूर्वी याच बोर्डाखाली लॉटरीची तिकिटं विकायचा, ठाण्यातल्या शिपायांनीच सांगितलं. त्याने रोज बघितलं, ओळखलं आणि त्यावर देवाचं नाव लावलं. हवा एका क्षणासाठीही स्वच्छ झाली नाही. तुम्ही पंप फोडत होतात तेव्हाही तुम्ही तीनशेच ओढत होतात."

मग गर्दी फुटली. लूमिनला टपावरून खाली खेचलं, अंगरखा फाडला, डोकं ट्रकच्या चाकावर आपटलं. कानातून रक्त वाहू लागलं. "मला काय माहीत! तुम्हीच आलात, मी बोलावलं होतं का!" तो रडत होता. आणि ट्रकवरून अर्नेल उतरला, पातं उगारून. लोकांनी त्याला वाट करून दिली.

"अर्नेल!" सेनाइदाचा आवाज कर्ण्यातून फाटला. "त्याला मारायला अख्खं आयुष्य पडलंय! पोरीकडे दहा मिनिटं आहेत! तुझ्या हातात दोनातलं एकच मावेल!"

पातं हवेत राहिलं. लूमिनने डोळे गच्च मिटले होते. मागून चटईवरून घरघर ऐकू आली, आणि अर्नेलने मागे पाहिलं.

पातं खणकन खाली पडलं. पोरीला छातीशी धरून तो धावला. समोरची काच फुटलेली सरकारी गाडी मोडक्या बरगडीच्या पोन्सिंगने चालवली.

निंगनिंग वाचली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती. त्याच संध्याकाळी शिपायांनी लूमिनला अर्धमेला उचलून नेलं. सेनाइदाने आदेश कारखान्याच्या फाटकावर स्वतःच्या हाताने चिकटवला. दोन नंबरचा बॉयलर थंडावला, आणि तिने स्वतःविरुद्धचा चौकशी अर्ज वरिष्ठांना पाठवला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात अर्नेल तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मागे गावातली दहा-बारा माणसं होती, मान खाली घालून.

"मग आता प्रार्थना करायची नाही का, मॅम?" एका बाईने विचारलं.

"करा. मीही करते. पण प्रार्थना संपली की डोळे उघडा. श्वास अडकलेल्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला की विचारा: हे झालं कसं? पुन्हा होईल का? माझ्यासमोर, मी सांगेन त्या वेळी होईल का? साध्या तीन प्रश्नांनी दोन जीव वाचले असते."

"तुम्ही सही केली, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" अर्नेलने विचारलं. त्याच्या आवाजात राग होता.

"नाही."

"मग आता आम्ही विचारू."

"विचाराच," सेनाइदा म्हणाली. "पहिल्यांदा मलाच विचारा."